माझी पण सायकलच आहे की!

तुम्ही कधी मेट्रोत सायकल घेऊन चढला आहात? नसाल तर सांगतो, पहिली पाच मिनिटं एकदम भारी वाटतं. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात सायकल. समोरचे काका हमखास विचारणार, ‘‘केवढ्याला पडली?’’ कॉलेजची पोरं गिअर मोजणार. आणि आपण पृथ्वी एकट्यानेच वाचवल्यासारखा चेहरा करून उभे!

सहावं मिनिट मात्र वेगळं निघू शकतं. आजची गोष्ट त्या सहाव्या मिनिटाची.

मी मूळचा करमाडचा. छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडला लागलात की शेंद्रा एमआयडीसीच्या पुढे लागतं ते. आता शेजारी ‘ऑरिक’ ही नवी औद्योगिक नगरी उभी राहिली, म्हणून पत्ता सांगणं सोपं झालंय. पूर्वी नुसतं ‘जालन्याच्या अलीकडे’ म्हणून वेळ मारून न्यायचो. नोकरी मात्र पुण्यात. घर कोथरूडला, ऑफिस पार येरवड्याच्या पुढे. ६ मार्च २०२२ ला पुण्याची मेट्रो सुरू झाली तेव्हा ती वनाजहून जेमतेम गरवारे कॉलेजपर्यंत जायची. ऑगस्ट २०२३ मध्ये रुबी हॉलपर्यंत गेली आणि मार्च २०२४ मध्ये थेट रामवाडीला पोचली. म्हणजे बरोब्बर माझ्या वाटेवर!

त्यात डब्यात सायकल न्यायला परवानगी. नागपूरच्या मेट्रोतही सायकल चालते, कोचीवाल्यांनी तर २०२० मध्येच सुरुवात केली होती. घर ते स्टेशन सायकल, मधे मेट्रो, पुढे परत सायकल. पेट्रोल नाही, पार्किंगची मारामारी नाही, सिग्नलला शिव्या नाहीत. बॉस, अजून काय पाहिजे?

तर त्या दिवशी संध्याकाळचे साडेसहा वाजलेले. ऑफिसं सुटलेली, डबा भरलेला. सायकल मधे उभी केली की कुणाच्या तरी पोटरीला पेडल लागतंच. म्हणून मी ती एका मोकळ्या जागेत टेकवली आणि कानात गाणी लावली. त्या जागेच्या वर व्हीलचेअरचं चित्र होतं. ते मला दिसलं नव्हतं असं म्हणणार नाही. दिसलं होतं. पण ‘आत्ता कोण येतंय’ असा विचार केला.

सिव्हिल कोर्ट स्टेशनला दार उघडलं. समोर व्हीलचेअरवर एक मुलगी. माझ्याच वयाची, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. तिने आधी जागेकडे बघितलं, मग सायकलकडे, मग माझ्याकडे. मी सायकल इकडे सरकवू की तिकडे असं करत राहिलो. तोवर तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं आत घुसली. ‘‘असू दे, मी पुढच्या गाडीने येते,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. सवय होती. दार बंद झालं, गाडी निघाली.

आता गंमत बघा. मी उतरू शकलो असतो. सायकल घेऊन लिफ्टने खाली, आणि पेडल मारत अर्ध्या तासात घरी. सायकल असते तरी कशासाठी? पण नाही उतरलो. वनाजपर्यंत मोबाईलमध्ये तोंड घालून उभा राहिलो.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पुढच्या शनिवारी गावी गेलो. करमाडला माझ्या चुलतभावाचं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले. (भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. दादाची पिढी त्याआधीची.) हाताने पेडल मारायची तीनचाकी हेच त्याचं वाहन. घर ते दुकान, दुकान ते बाजार, सगळं तिच्यावरच.

मी दुकानात बसून पुण्याच्या गप्पा मारत होतो. मेट्रोचं वर्णन जरा जास्तच रंगवलं. लिफ्ट कशी, एसी कसा आणि सायकल कशी थेट डब्यात नेता येते. दादा मोबाईलचं झाकण उघडता उघडता थांबला.

‘‘सायकल चालती का आत?’’

‘‘मग! आपल्या शेजारीच उभी करायची.’’

‘‘माझी पण सायकलच आहे की. ती बसती का तुझ्या मेट्रोत?’’

मी हसलो. तो नाही हसला. खरंच विचारत होता.

मग आम्ही टेप काढला. माझी सायकल मला पाठ होती. लांबी पावणेसहा फूट, हँडल दोन फूट. दादाची तीनचाकी सहा फुटांच्या वर आणि रुंदीला तीन फुटांच्या जरा आत. दारातून गेली तरी आत वळवायची कुठे? आणि गर्दीत तर विषयच सोडा. म्हणजे ‘सायकल चालते’ या पाटीतली सायकल म्हणजे माझी. चालणाऱ्या माणसाची. ज्याला सायकलीवाचून गत्यंतर नाही, त्याची नाही.

तेव्हा मला जुनी एसटी आठवली. मी शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आत्याकडे जायचो. माझी छोटी सायकल आणि दादाची तीनचाकी, दोन्ही बसच्या टपावर. मागच्या शिडीवरून काका चढणार, खालून दोघं ढकलणार, मग दोरीने करकचून बांधणार. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायचे, वर ‘नीट बांधा हो’ असा दमही द्यायचे. टपावर दोन्ही सायकली अगदी सारख्या होत्या. फरक खाली होता. मी उड्या मारत आत जायचो आणि दादाला काका पाठुंगळी घेऊन त्या उंच पायऱ्या चढायचे. तेव्हा दादा पंधरा-सोळा वर्षांचा होता. खिडकीजवळ बसल्यावर बराच वेळ तो कुणाशी बोलायचा नाही. मला वाटायचं, त्याला गाडी लागते.

आता काका थकले. दादा शहरात स्पेअर पार्ट आणायला ओळखीच्या काळी-पिवळीने जातो. तीनचाकी कॅरिअरवर, स्वतः पुढच्या सीटवर. ड्रायव्हर दोस्त आहे, तो उचलून बसवतो. दोस्त सुट्टीवर गेला की दादाचीही सुट्टी. ‘‘आधी अपंग होतो, आता दिव्यांग झालो,’’ तो म्हणतो, ‘‘पायरी हाये तेवढीच उंच हाये.’’

मग मी त्याला सिव्हिल कोर्टची गोष्ट सांगून टाकली. वाटलं होतं, झापेल. त्याने एकच विचारलं, ‘‘आणि पुढच्या गाडीत पण तुझ्यासारखा एखादा असला तर?’’

बस. माझी बोलती बंद!

पुण्याला परत येताना डोक्यात तेच. सायकलवाल्यांना डब्यात घेऊच नका, असं म्हणायचं का? तसंही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळजवळ ४५ टक्के घरांत सायकल होती. ती काही सगळी माझ्यासारखी गिअरवाली हौस नव्हे. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन, शिफ्टला जाणारा कामगार यांची ती गरज आहे. आणि बससमोर किंवा डब्याबाहेर सायकलची सोय करता येते, हे जगाने करून दाखवलंय. अमेरिकेत कित्येक शहरांत सिटी बसच्या तोंडाला बाहेरून घडीची रॅक असते. दोन-तीन सायकली तिथे अडकवायच्या, आतली जागा माणसांना मोकळी. थोडक्यात काय, आपल्या एसटीचा टपच, फक्त शिडी न चढता!

कोपनहेगनच्या लोकल गाड्यांत २०१० पासून सायकल फुकट नेता येते. पण सायकलवेड्या त्या शहरातही गर्दीच्या वेळी नोरेपोर्टसारख्या गजबजलेल्या स्टेशनात सायकल चढवता-उतरवता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बार्ट’ने ऑफिसच्या वेळेतली सायकलबंदी २०१३ मध्ये उठवली, तरी पहिला डबा कायम सायकलमुक्त ठेवला आणि गर्दीच्या वेळी पहिले तीन. म्हणजे सायकलीला ‘हो’ म्हणायचंच, पण कधी, कुठे आणि कुणाच्या नंतर, हेही सांगायचं.

हा ‘कुणाच्या नंतर’ सगळ्यात महत्त्वाचा. इंग्लंडमध्ये २०१२ साली डग पॉली नावाचे व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ बसने लीड्सला निघाले होते. व्हीलचेअरच्या जागेत एका बाईंची बाबागाडी होती. ड्रायव्हरने हलवायची विनंती केली, त्या नाही म्हणाल्या, विषय संपला. पॉली खालीच राहिले. पण ते कोर्टात गेले आणि जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसती विनंती करून हात झटकणं पुरेसं नाही, ड्रायव्हरने आणखी जोर लावायला हवा. बाबागाडी काय, सायकल काय, प्रश्न तोच. ‘प्लीज’वर कुणाचा प्रवास अवलंबून ठेवायचा का?

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. वाहतुकीची साधनं सगळ्यांना वापरता यायला हवीत, हे त्यात स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानेही बजावलं की सुगम्यतेचे किमान नियम नुसते सल्ल्यासारखे नकोत, बंधनकारक हवेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग होते. मग डब्यात रोज एकही का दिसत नाही? कारण ते पुढच्या गाडीची वाट बघत उभे असतात. किंवा दोस्त सुट्टीवरून यायची.

मला जे उमगलं ते एवढंच. माझी सायकल स्टेशनवर ठेवता येते. तिची व्हीलचेअर ठेवता येत नाही. ज्याच्याकडे दुसरा पर्याय आहे त्याने आधी सरकायचं. आणि हे चांगुलपणावर सोडायचं नाही, कारण चांगुलपणा संध्याकाळी साडेसहाला दमलेला असतो. माझाच होता की! त्यासाठी नियम हवा. व्हीलचेअरच्या जागेत सायकल नाही म्हणजे नाही, डबा रिकामा असला तरी. गर्दीच्या वेळी डब्यात सायकल नाही. त्याबदल्यात प्रत्येक स्टेशनखाली कुलूप लावून निर्धास्त ठेवता येईल असं स्टँड आणि पलीकडच्या टोकाला भाड्याची सायकल. आपण सायकलवाल्यांनी भांडायचंच तर आधी यासाठी भांडूया ना!

शेंद्रा ते वाळूज मेट्रोची चर्चा आमच्याकडे काही वर्षं चालू आहे. ती कधी येईल, येईल की नाही, देव जाणे. पण आली तर तिच्या डब्यातली जागा रूळ पडण्याआधी कागदावरच ठरेल. तो कागद करणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर करमाडच्या एका दुकानदाराचा प्रश्न तेवढा लिहून घ्या. त्याची सायकल सहा फुटांच्या वर आहे. ती खाली ठेवायला जागा आणि तिथून गाडीत जायला स्टेशनची व्हीलचेअर, इतकं झालं तरी त्याचं काम होतं. कुणाच्या पाठीवर बसायची पाळी येत नाही.

मी सायकल सोडलेली नाही. सकाळी लवकर, डबा रिकामा असला तर नेतो, आणि त्या चित्राखाली नाही उभी करत. संध्याकाळी ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये राहते. सिव्हिल कोर्टला दार उघडलं की अजून बाहेर बघतो. ती मुलगी परत दिसली नाही.

जाता जाता : दिवाळीनंतर दादा पुण्याला येणार आहे. ‘‘मेट्रोत बसव एकदा,’’ म्हणालाय. येतो कसा, ते अजून ठरायचंय. काळी-पिवळीवाला दोस्त स्टेशनपर्यंत सोडेल, पुढचं आम्ही दोघं बघू. पण वनाज ते रामवाडी खिडकीजवळची जागा पक्की. यावेळी तो बोलेल, अशी आशा आहे.