पेरणीच्या वेळेला पैसा

राजूरकरांनो, अंगारकी चतुर्थीला तुमच्या गावात काय घडतं ते उभ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. जालन्याकडून, भोकरदनकडून रात्रभर माणसं पायी चालत येतात. गणपतीच्या साडेतीन पीठांत मान असलेलं हे गाव लाखोंची गर्दी अंगावर घेतं, पाण्याची, फराळाची, रांगांची सोय लावतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेतात उभं राहतं. ज्या गावाला एवढं जमतं, त्याला आपल्या लेकरांच्या खेळाची सोय जमणार नाही, हे मला पटत नाही. आजवर आपण ती कधी मागितली नाही आणि कधी मनावर घेतली नाही, एवढंच झालंय.

शाळेच्या मैदानावर अनवाणी पळणारी पोरगी तालुक्याला पहिली येते. गाव टाळ्या वाजवतं, शाळा फळ्यावर नाव लिहिते. मग जिल्ह्याची स्पर्धा येते, विभागाची येते आणि घरात हिशोब सुरू होतो. पळायचे बरे बूट घ्यायचे तर कापूस वेचणाऱ्या आईची आठवडाभराची मजुरी त्यात जाते. विभागीय स्पर्धेला छत्रपती संभाजीनगरला जायचं तर गाडीभाडं लागतं, दोन दिवसांचं जेवण लागतं, सोबत जाणाऱ्या बापाचा रोज बुडतो. पोरगा तालमीत जात असेल तर त्याला दूध, तूप, बदाम हवेत, आणि घरातलं दूध तर डेअरीला जातं, कारण त्याच पैशावर किराणा येतो. अशा घरातला बाप पोराला ‘खेळ सोड’ असं कधीच म्हणत नाही. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ एवढंच म्हणतो. पुढच्या वर्षी पोर एका वर्षानं मोठं झालेलं असतं आणि वयोगट हुकलेला असतो.

बहुतेक वेळा ही गळती थोपवणारा एकच माणूस असतो, शाळेतला खेळाचा शिक्षक. तो खिशात हात घालतो, पोरांना स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून नेतो, वडापाव खाऊ घालतो. अशा शिक्षकांपुढे हात जोडावेत. पण एका राज्याचं क्रीडा धोरण एका शिक्षकाच्या पगारावर उभं राहावं का?

आपल्या राज्यात सरकार खेळासाठी पैसा देत नाही असं नाही. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला, पुरुषांनीही आणि महिलांनीही. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. राज्य सरकारनं आपल्या प्रत्येक खेळाडूला सव्वादोन कोटी रुपये आणि सरकारी नोकरी जाहीर केली. त्यांनी ते घामानं मिळवलंय. त्यातला एक रुपयाही कमी व्हावा असं मी म्हणणार नाही. पण एक साधा हिशोब करा. हरियाणा सरकार आपल्या क्रीडा नर्सरीत येणाऱ्या ८ ते १४ वर्षांच्या मुलाला महिन्याला १,५०० रुपये देतं, १५ ते १९ वयाच्या मुलाला २,००० रुपये. महिना दीड हजार म्हणजे वर्षाला अठरा हजार. आपल्या एका विजेत्याच्या बक्षिसाएवढ्या रकमेत अशी १,२५० लेकरं वर्षभर मैदानावर राहतात. बक्षीस द्याच, पण या साडेबाराशे लेकरांचंही बघा. पुढचा प्रतीक, पुढची प्रियांका त्यांच्यातच आहे.

जालना हा बियाण्यांचा जिल्हा. देशभरचे शेतकरी इथल्या कंपन्यांचं बी रानात टाकतात. तेव्हा ही गोष्ट आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही: बियाण्याला पैसा मृगात लागतो. पीक काढून झाल्यावर कुणी अडतीवर येऊन हार घातला, तर पेरणीसाठी काढलेल्या सावकारी कर्जाचं व्याज फिटत नाही. आपल्या खेळाडूंना सरकार भेटतं ते अडतीवर.

खाशाबा जाधवांचीच गोष्ट घ्या. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९४८ ला लंडनला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा मुंबई सरकारकडे मदत मागितली, ती मिळाली नाही. मग गावोगाव वर्गणी निघाली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परत आल्यावर त्यांच्या मिरवणुकीत शंभराहून जास्त बैलगाड्या होत्या. आणि त्यानंतर या ऑलिम्पिकवीरानं काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, कुस्त्या जिंकल्या आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. आज १५ जानेवारी, त्यांचा जन्मदिवस, आपण राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणं होतात, तेव्हा गहाण पडलेल्या घराची आठवण कुणीतरी काढली पाहिजे.

त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्य जिंकलं. हा मुलगा २००९ पासून राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत होता. राहणं, जेवण, शिक्षण, सराव हा भार सरकारनं उचलला, आणि तोही पोर चौदा वर्षांचं असताना, त्याच्या गळ्यात काहीच नसताना. त्या गुंतवणुकीचं फळ पंधरा वर्षांनी दिसलं. म्हणजे आधी पैसा दिला तर काय होतं हे आपल्याच सरकारनं आपल्यालाच दाखवून दिलंय. फक्त प्रबोधिनीतल्या जागा मोजक्या, आणि तिच्या निवड चाचणीपर्यंत पोचायचं तर आधीची तीन-चार वर्षं कुणीतरी त्या पोराला खाऊ घातलेलं असावं लागतं.

आणि आपल्या मराठवाड्याचा अविनाश साबळे? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. आईबाप वीटभट्टीवर राबायचे. शाळा लांब, गाडी नाही, म्हणून पोर पळत शाळेत जायचं. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटमध्ये. तिथे २०१५ च्या सुमाराला त्याच्या धावण्याकडे लक्ष गेलं. त्यानंतर २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. एकविसाव्या वर्षी सापडलेला धावपटू इथवर गेला. तो दहाव्या वर्षी सापडला असता तर? आणि जे सैन्यात भरती झाले नाहीत, उसाच्या फडावर गेले, भट्टीवर राहिले, त्यांच्या पायांचा वेग कुणी मोजला?

सरकारच्या तिजोरीतून खेळाकडे येणाऱ्या वाटा बघितल्या की मधला खड्डा डोळ्यांत भरतो. वरच्या टोकाला ‘खेलो इंडिया’ आहे. त्यात निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला सहा लाखांहून जास्त खर्च धरलेला आहे, पैकी महिन्याला दहा हजार थेट त्याच्या हाती. उत्तम योजना आहे, पण ती निवड झाल्यानंतरची. खालच्या टोकाला समग्र शिक्षा अभियानाचं क्रीडा साहित्य अनुदान आहे: प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,०००, माध्यमिकला २५,०००. दोनशे लेकरांच्या प्राथमिक शाळेत एका लेकराच्या वाट्याला वर्षाला पंचवीस रुपये येतात. वर्षाला पंचवीस रुपये आणि महिन्याला दहा हजार, यांच्यामध्ये आठ वर्षांचं राजूरचं पोर उभं आहे आणि त्याला हात द्यायला कुणी नाही.

जगात हा खड्डा बुजवणारे लोक आहेत. आइसलँडची राजधानी रेक्याविक २००७ पासून शहरातल्या प्रत्येक मुलासाठी दरवर्षी एक ठरावीक रक्कम बाजूला ठेवते. पोहणं असो, फुटबॉल असो, संगीत असो, फी त्यातून वळती होते. जर्मनीत गरीब घरातल्या मुलाला खेळाच्या क्लबसाठी महिन्याला १५ युरो मिळतात. कॅनडानं २००७ साली दुसरी वाट धरली, खेळाच्या फीवर आयकरात सवलत. ज्या घराला कर भरण्याएवढी कमाईच नव्हती त्याला सुरुवातीला त्यातून काहीच मिळालं नाही, आणि ज्यांना मिळालं त्यांनाही आधी फी भरून वर्षअखेरीची वाट बघावी लागली. दहा वर्षांत ती सवलत गुंडाळली गेली. हे आपण नीट लक्षात ठेवावं. ‘आधी खर्च करा, पावत्या आणा, मग बघू’ अशी कुठलीही योजना कापूस वेचणाऱ्या आईच्या उपयोगाची नाही.

दूर कशाला, ओडिशा बघा. सुंदरगढ या आदिवासी जिल्ह्यातल्या गटागटांत त्यांनी हॉकीची कृत्रिम मैदानं टाकली. गटांत, म्हणजे आपल्या भोकरदनसारख्या तालुक्याच्या पातळीवर. आणि आपल्याकडे? मराठवाड्यात होणार म्हणून जाहीर झालेलं क्रीडा विद्यापीठ २०२० च्या कायद्यानं पुण्यात बालेवाडीला गेलं. तेव्हा आंदोलनं झाली, निवेदनं गेली, मग सगळं शांत झालं. आपण लवकर शांत होतो, हे मी राजूरच्या आणि मराठवाड्याच्या प्रत्येक घराला सांगू इच्छितो.

कुणी म्हणेल, सरकार कशाकशाला पुरणार? पण याच सरकारनं शाळेत खिचडी दिली, पुस्तकं दिली, गणवेश दिला. अहिल्याबाई होळकर योजनेतून गावातल्या मुली बारावीपर्यंत एसटीनं मोफत शाळेत जातात. गरिबीमुळे लेकरू शाळेबाहेर राहू नये हे तत्त्व राज्यानं कधीच मान्य केलंय. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत तर शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य हवंच असं लिहिलेलं आहे. मग त्या मैदानावर टिकून राहायला लागणारं दूध, बूट आणि गाडीभाडं यांच्यापाशीच सरकारचा हात का आखडतो? यंत्रणा नाही, ही सबबही आता चालणार नाही. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत महिन्याला दीड हजार रुपये थेट बायांच्या खात्यात जमा होतात. हरियाणात एका खेळणाऱ्या लेकराला मिळतात तेवढेच. खाती उघडलेली आहेत, वाट तयार आहे.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत करू या. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतलं जे लेकरू वर्षभर नियमित मैदानावर येतं, त्याच्यासाठी आठव्या वर्षापासून महिना दीड हजार रुपयांचा खेळभत्ता, आईच्या खात्यात, शाळा सुरू होतानाच. पदकाची अट नको, हजेरीची ठेवा. स्पर्धेला जायचं भाडं आणि जेवण आगाऊ मिळावं. मुलींसोबत जाणाऱ्या बाईचाही खर्च त्यात धरावा, कारण सातवी-आठवीनंतर मुली खेळ सोडतात त्यामागे बऱ्याचदा सोबत नसणं आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह नसणं एवढंच असतं. खेळ हा घटनेनं राज्यांकडे सोपवलेला विषय आहे. दिल्लीकडे बोट दाखवून मुंबईला मोकळं होता येणार नाही.

आता आपल्या दाराशी या. सरकार हलेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. यंदा त्यातून मुलींचे बूट आणि खो-खोचे खांब येऊ द्या. राज्याच्या क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास या दोन अनुदान योजना जिल्हा वार्षिक योजनेतून चालतात. त्यासाठी ग्रामपंचायत आणि शाळा प्रस्ताव करू शकतात, पण प्रस्ताव गेलाच नाही तर पैसा दुसऱ्या गावाला जातो. जालन्याच्या मोठ्या पोलाद आणि बियाणे कंपन्यांना कंपनी कायद्यानं नफ्यातला दोन टक्के वाटा समाजासाठी काढावा लागतो, आणि ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्या कायद्याच्या यादीत आहे. त्यांच्या दारात जाऊन बसा. आणि गणरायाच्या चरणी येणाऱ्या भाविकांनो, देवस्थानालाही हक्कानं विचारा: अंगारकीच्या एका दिवसाच्या दानातला काही भाग गावच्या खेळाडूंच्या खुराकासाठी ठेवता येईल का? विद्या आणि कला ज्याच्या हाती, त्याच्या गावात बळाचीही उपासना व्हायला हवी.

आईबापांनो, ग्रामसभेला या. बायांनो, तुम्ही आधी या, कारण दुधाचा हिशोब तुमच्याकडे आहे. ठराव साधा असू द्या: राजूर गाव आपल्या लेकरांसाठी खेळभत्ता मागतं. ठरावासोबत यादी जोडा. लेकराचं नाव, वय, इयत्ता, खेळ, गेल्या वर्षी कोणत्या स्पर्धेला गेलं, कोणत्या स्पर्धेला पैशाअभावी जाता आलं नाही, आणि बुटाचं माप. शाळेच्या मैदानाची मोजणी करून नकाशा लावा. एक प्रत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक आमदारांना, एक पालकमंत्र्यांना. शेजारच्या गावांनाही प्रत पाठवा, म्हणजे पुढच्या महिन्यात त्यांचाही ठराव होईल. टपालानं पाठवून थांबू नका. लेकरांना सोबत घेऊन जालन्याला जा, आणि प्रत्येक टेबलावरून सही-शिक्क्याची पोच घेऊनच परत या.