प्रवरेचा वरचा काठ

मे महिना संपता संपता वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले, की अहिल्यानगर जिल्ह्याच्या (2024 पर्यंतच्या अहमदनगरच्या) वायव्य कोपऱ्यात मोटारींच्या रांगा लागतात. शेंडी, मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद ही अकोले तालुक्यातील घाटमाथ्याची गावे त्या पंधरा-वीस दिवसांत रात्रभर जागी असतात. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लखलखतात आणि ते पाहायला पुणे, मुंबई, नाशिक येथून माणसे येतात. याला ‘काजवा महोत्सव’ असे नाव पडले आहे. काजव्यांच्या बाजूने पाहिले तर हा महोत्सव वगैरे काही नसून जोडीदार शोधण्याची थोड्या रात्रींची घाई असते. मोटारींच्या दिव्यांनी आणि मोबाइलच्या विजेऱ्यांनी त्या घाईत विघ्न येते. 1986 साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याने या गर्दीवर निर्बंध घातले, ते याच कारणाने.

परंतु कीटकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. आम्ही या जिल्ह्यात मराठी शिकवतो आणि आम्हाला अस्वस्थ करते ते त्या रात्रींच्या जाहिरातींत काजव्यांच्या खालोखाल छापलेले असते ते: ‘चुलीवरचे जेवण’, ‘अस्सल ग्रामजीवन’, ‘शेकोटीभोवती आदिवासी नृत्य’. पर्यटन-व्यवसायाची ही भाषा म्हणून नाक मुरडून मोकळे होता आले असते. तसे होता येत नाही, कारण दिवाळीनंतर याच रस्त्याने मराठी विभागांच्या अभ्याससहली जातात. त्यांच्या सोबत प्रश्नावल्या असतात आणि शिर्षक ‘लोकसाहित्याचे संकलन’ असे असते. दोन-तीन ओव्या, एखादी दंतकथा, अमृतेश्वराच्या देवळासमोर एक समूहछायाचित्र आणि परतीच्या वाटेवर रंधा धबधबा. हौशी प्रवासी आणि अभ्यासू प्रवासी यांच्यातला फरक आम्ही मानतो तेवढा मोठा आहे का, हा आमचा प्रश्न आहे. दोघेही गावाची रीत तिच्या कामापासून सोडवून घेतात. एक तिचा कार्यक्रम करतो, दुसरा तिचे टिपण करतो.

मराठीच्या अध्यापकाला हा भाग परका वाटावा, यात एक विलक्षण विसंगती आहे. रतनगडाच्या डोंगरात प्रवरा उगम पावते. ती भंडारदऱ्याच्या जलाशयातून अकोले, संगमनेर ओलांडत नेवाशाला जाते आणि पुढे प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते. नेवाशाच्या तीरावर शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या चांगदेवांचे नाव आपण ज्ञानेश्वरांच्या पासष्टीमुळे घेतो, त्यांचा ‘तत्त्वसार’ हरिश्चंद्रगडावर रचला गेला असे मानले जाते. म्हणजे आमच्या वाङ्मयेतिहासाची पहिली पाने एकाच डोंगर-नदीच्या पट्ट्यात लिहिलेली आहेत. तरी अभ्यासक्रमात खालचा काठ ‘वाङ्मय’ झाला आणि वरचा काठ ‘लोकसाहित्य’. एकाला पाठ्यपुस्तक मिळाले, दुसऱ्याला सहल.

पाण्याचेही असेच झाले. भंडारदऱ्याचे धरण 1910 मध्ये बांधायला घेतले गेले आणि 1926 मध्ये पूर्ण झाले. त्या पाण्यावर खालच्या तालुक्यांत ऊस आला, उसामागून कारखाने आले. सहकारी साखर कारखानदारीचा पहिला यशस्वी प्रयोग विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने लोणीला, 1950 च्या सुमारास, याच पाण्याच्या भरवशावर झाला. घाटघरला वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि जिल्ह्याच्या पूर्वेला जेमतेम पाचशे. असे असताना एप्रिल-मे महिन्यांत हंडा घेऊन झऱ्याच्या वाटेला लागतात त्या घाटमाथ्याच्या बाया. ‘अस्सल ग्रामजीवन’ पाहायला आलेल्यांना हा हंडाही दिसतो आणि त्याचेही छायाचित्र निघते.

आता रीत म्हणजे काय, ते पाहू. येथील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचे वर्ष भाताभोवती फिरते. उन्हाळ्यात फांद्या, पालापाचोळा, शेणकूट पसरून जमीन भाजायची, तो राब. त्या राखेत रोपे वाढवायची. आषाढाच्या पावसात गुडघाभर चिखलाच्या खाचरांत त्यांची आवणी करायची. भातापलीकडच्या उतारावर नागली, वरई. हिरड्याची कोवळी फळे वाळवून विकायची, तो बाळहिरडा; कित्येक घरांत रोख पैसा दिसतो तो याचाच. राबासाठी फांद्या तोडण्यावरून वनखाते आणि शेतकरी यांचे भांडण इंग्रजी अमदानीपासून चालत आलेले आहे. या एवढ्याशा वेळापत्रकात गाण्याची, देवाची, सोंगाची जागा ठरलेली असते. ती मागेपुढे होत नाही असे नाही, पण ती होते पावसामुळे, मयतामुळे, पिकामुळे. शनिवार-रविवारमुळे होत नाही.

वाघबारशीचेच पाहा. आश्विन वद्य द्वादशीला सखल प्रदेशात वसुबारस असते. गाय-वासराची पूजा होते. घाटमाथ्यावर त्याच तिथीला वाघबारस. गुराखी पोरे घरोघरचे दूध-तांदूळ गोळा करून रानात वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर शिजवतात. एक पोर वाघ होते, दुसरे अस्वल किंवा कोल्हा. बाकीचे त्याला आमच्या शिवारात पुन्हा येशील का म्हणून विचारतात आणि पिटाळून लावतात. लोकनाट्याचे बीज, विधिनाट्य, संवादरूप इत्यादी सगळ्या संज्ञा येथे चिकटवता येतात आणि आम्ही त्या फळ्यावर लिहिल्याही आहेत. एकदा वर्गातल्या घाटमाथ्याच्या एका विद्यार्थिनीला या विधीची गाणी आणायला सांगितले. ती म्हणाली, “सर, त्याला गाणं नसतं. खीर असते. आणि वाघाला सांगायचं असतं.” प्रश्नावलीत ‘गीताचे शब्द’ असा रकाना होता, ‘कोणाला सांगायचे’ असा नव्हता.

हे सांगणे निरर्थक नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अकोल्याच्याच खोऱ्यातला आहे. दाट वस्तीच्या, शेतीच्या पट्ट्यात बिबटे पाहुणे म्हणून येत नसून तेथेच राहतात, पिले वाढवतात, असे त्यांना आढळले. धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या उसाने त्यांना आडोसा दिला. आज उसाच्या गावात बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. वरच्या गावांनी वाघाला शेजारी धरून त्याच्याशी वर्षातून एकदा बोलायची सोय करून ठेवली होती. ती सोय भाबडी आहे की शहाणी, यावर वाद घालावा. पण तिला ‘अंधश्रद्धेचे अवशेष’ किंवा ‘रंगतदार परंपरा’ म्हणणे, हा वाद टाळण्याचाच प्रकार झाला.

बोहाड्याची गोष्ट थोडी वेगळी. चैत्र-वैशाखाच्या रात्री संबळ-सनईवर देवांची, राक्षसांची सोंगे मुखवटे लावून नाचत येतात; ठराविक सोंग ठराविक घराण्याकडे असते आणि तो मान असतो, तशी जबाबदारीही. येथे पाहणाऱ्यांना मज्जाव नाही, उलट पाहायला माणसे लागतातच. मात्र शहरातून आलेला रसिक तक्रार घेऊन येतो: मुखवट्यांना तैलरंग दिलेला आहे, विजेच्या माळा आहेत, मध्येच चित्रपटाचे गाणे वाजले. त्याला अस्सल हवे असते, आणि अस्सल म्हणजे त्याच्या मनातील जुने. आमच्या मते तैलरंग हीच जिवंतपणाची खूण आहे. ज्यांचे सोंग आहे त्यांना ते कसे रंगवायचे हे ठरवता येते, तोवर ते त्यांचे आहे. शेकोटीभोवती बोलावलेल्या नाचात वेष ‘पारंपरिक’ असतो, कारण तो बोलावणाऱ्याने ठरवलेला असतो. (डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळ्यांवर लिहिले ते त्या समाजातून येऊन, आतून. त्याआधी सुमारे दीडशे वर्षे कॅप्टन मॅकिंटॉश याने त्याच लोकांविषयी तपशीलवार लिहिले होते. त्याचे तपशील मोलाचे आहेत, पण हा गृहस्थ भांगऱ्यांचे बंड मोडायला गेला होता, हे आमचे संशोधक त्याचा हवाला देताना क्वचितच नोंदवतात.)

डोंगरातली गावे पाहण्याची हौस युरोपात आपल्याहून खूप आधीची. आल्प्सच्या गावांत एकोणिसाव्या शतकापासून प्रवाशांची रीघ आहे. तेथे उन्हाळ्यात गुरे उंच कुरणांवर नेतात आणि शरदाच्या तोंडावर, फुलांनी आणि मोठाल्या घंटांनी सजवून, वाजतगाजत खाली आणतात. स्वित्झर्लंडचा हा कुरणांचा हंगाम 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. काही गावांतील उतरण पाहायला गुरांहून माणसे अधिक जमतात. तेव्हा तेथे सगळे सोवळे आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे: गुरे वर नेऊन चारणाऱ्याला तेथील सरकार त्या चारण्याबद्दल पैसे देते. मिरवणुकीची प्रसिद्धी होते ती वेगळी. आधी काम टिकवले गेले आहे.

आमच्याकडे त्या गाईच्या जागी डांगी आहे. कातडीतून पाझरणाऱ्या तेलकट द्रवामुळे ती घाटमाथ्याच्या धो धो पावसात तग धरते. राजूरचे डांगी जनावरांचे प्रदर्शन पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. प्रदर्शनात उत्तम जनावराला बक्षीस मिळते. पण वर्षभर डांगी चारणाऱ्याला, तो ती चारतो एवढ्यासाठी, काही मिळताना आम्ही पाहिलेले नाही. तिच्या शेणाने सारवलेल्या अंगणात जेवणाऱ्या पाहुण्याकडून मात्र पैसे मिळतात. गुरेच राहिली नाहीत तर वाघबारशीला गुराखी कोठून यायचे? मग ती पोरे पाहुण्यांसमोर वाघ होतील, सायंकाळी सात वाजता.

म्हणून ‘जाऊ नका’ असे सांगणे आम्हाला पटत नाही. आवणी आटोपली की मजुरीसाठी नारायणगाव, जुन्नरच्या बाजूला उतरणाऱ्या कुटुंबांना दारात आलेला पैसा नाकारा असे कोणत्या तोंडाने सांगणार? मुक्कामाच्या घरगुती सोयी, वाटाडे, भाकरी-पिठले विकणाऱ्या बाया यांचे उत्पन्न खरे आहे. प्रश्न पैसा कशाला दिला जातो, याचा आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती देशी वाण राखल्याबद्दल. त्या गावी जाणारा माणूस घेवड्याचे किंवा भाताचे मूठभर बी घेऊन परतला आणि त्याने ते पेरले, तर त्या भेटीला काही पुढचा भाग उरतो. काळभाताचा तांदूळ त्याच्या रास्त भावाने विकत घेणे, हेही ग्रामजीवनाचे दर्शनच आहे, जरी त्याचे छायाचित्र चांगले येत नसले तरी.

आणि कचरा. कळसूबाईच्या शिखरावर, 1646 मीटरवर, महाराष्ट्राच्या सर्वांत उंच जागी, तिचे एवढेसे देऊळ आहे. तिची कथा अशी, की ती कोळ्याची पोर, डोंगरात हिंडायची हौस असलेली. पायथ्याच्या इंदोरे गावी एका घरी ती कामाला राहिली, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, या बोलीवर. एके दिवशी घरातल्या कोणी तिला दोन्ही कामे सांगितली. तिने ती केली आणि तडक डोंगर चढून गेली, ती परतली नाही. जेथे तिने भांडी घासली ते थाळेमेळ, जेथे केर टाकला तो काळदरा, अशी नावे लोक दाखवतात. दैवतकथांत तप असते, शाप असतो, असुरवध असतो; अटी मोडल्या म्हणून काम सोडून गेलेली देवी आमच्या तरी वाचनात दुसरी नाही. एवढी कथा टिपून नेणाऱ्या सहलींनी तिच्याच वाटेवर टाकलेल्या पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या बारी गावच्या पोरी गोळा करताना आम्ही पाहिल्या आहेत.

आमच्या विभागांपुरते एक सुचवावेसे वाटते. लोकसाहित्याची अभ्याससहल दिवाळीनंतरच्या सोयीच्या थंडीत नेण्याऐवजी आषाढात, आवणीच्या वेळी न्यावी. विद्यार्थी थोडे न्यावेत, पाच-सहा; दोन दिवस चिखलात रोपे लावू द्यावीत, जमेल तशी. प्रश्नावली विभागातच ठेवावी. त्या दिवसांत गाणे कानावर आले तर येईल. बायांचे हात इतके भरभर चालतात की बहुधा गप्पाच कानावर येतील, आणि त्या बोलीत खाचर, राब, चिखल, पाऊस यांसाठी जे शब्द येतील त्यांतले काही शब्दकोशात शोधावे लागतील. दहा गुणांच्या प्रश्नात ते कोठे बसवायचे हे परीक्षा मंडळाने पाहावे. घाटमाथ्याची जी मुले आमच्याच वर्गांत मागच्या बाकांवर बसतात, त्यांना या सहलीला नेण्याची गरज नाही. जुलैमध्ये ती वर्गात गैरहजर असतात ती तेथेच असतात.