क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोहोचते का?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरातून एकाच आजाराचे रुग्ण लागोपाठ रुग्णालयांत दाखल होऊ लागले. आधी पायांना मुंग्या येत, मग जिना चढताना पाय लटपटत आणि काहींना चार-पाच दिवसांत अंथरुणावरून उठताही येईना. ज्यांचे श्वासाचे स्नायू दुबळे झाले, त्यांना व्हेंटिलेटर लावावा लागला. हा आजार होता गुइलेन बॅरे सिंड्रोम, अर्थात जीबीएस. एरवी लाख लोकसंख्येत वर्षाला एखाद-दुसऱ्याला होणाऱ्या या आजाराच्या संशयित रुग्णांची संख्या त्या साथीत दोनशेच्या पुढे गेली. पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तपासलेल्या शौचाच्या नमुन्यांपैकी काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस सापडला.

जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. कॅम्पायलोबॅक्टरमुळे आधी जुलाब होतात आणि बहुतेक जण आठवडाभरात बरे होतात. मात्र या जिवाणूच्या काही प्रकारांच्या बाहेरील आवरणातील रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे असतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे काही थोड्या लोकांमध्ये स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला चढवतात. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजार जणांत एकाला जीबीएस होतो, असे मानले जाते. सगळ्या रुग्णांना हा हिशेब लावता येणार नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते. जीबीएसच्या रुग्णांमागे जुलाब होऊन गेलेल्या लोकांचा फार मोठा समूह असतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. ते औषधाच्या दुकानातून गोळी आणतात, दोन दिवस सुट्टी घेतात आणि विषय संपतो. पुण्यात अर्धांगासारखा आजार दिसला म्हणून सगळे जागे झाले. त्याआधीची जुलाबाची लाट मोजलीच गेली नाही.

कॅम्पायलोबॅक्टर कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या कोंबडीच्या मांसातूनही येतो, त्यामुळे प्रत्येक रुग्णाला पाण्यातूनच लागण झाली असे म्हणता येत नाही. तरीही रुग्ण नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला अशा एकमेकांना लागून असलेल्या वस्त्यांत एकवटले होते, त्यामुळे संशय पाण्यावर जाणे स्वाभाविक होते. यांपैकी नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. घरपट्टी शहराची लागू झाली, इमारती शहराच्या उंचीच्या झाल्या. पण नांदेड आणि आसपासच्या भागाला मिळणारे पाणी पूर्ण जलशुद्धीकरण केंद्रातून येत नव्हते. विहिरीतले पाणी क्लोरीन मिसळून सोडले जात होते. साथीच्या काळात तपासलेल्या काही घरांच्या पाण्यात क्लोरीनचा अंशही आढळला नाही.

खरा प्रश्न इथे सुरू होतो. 'पाण्यात क्लोरीन टाकतो' आणि 'पाणी शुद्ध करतो' या दोन वाक्यांचा अर्थ एक नाही.

शुद्धीकरण केंद्रात कच्च्या पाण्यात आधी तुरटी किंवा तत्सम रसायन घालतात. गढूळपणा आणणारे बारीक कण एकत्र येऊन गोळे होतात, खाली बसतात आणि त्यांच्यासोबत बरेचसे जंतूही बसतात. उरलेले वाळूच्या गाळणीत अडकतात. क्लोरीन येते ते या सगळ्यानंतर. म्हणजे क्लोरीन हा शेवटचा पहारेकरी आहे. आधीचे पहारे काढून टाकले, तर सगळा भार त्याच्यावर पडतो आणि त्याची ताकद मर्यादित आहे. मातीचे कण आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकतात. कणांच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत ते पोहोचत नाही. मैलापाणी मिसळलेले असेल, तर त्यातील अमोनियाशी संयोग होऊन क्लोरीनचे रूपांतर कितीतरी दुबळ्या संयुगांत होते.

कॅम्पायलोबॅक्टर क्लोरीनपुढे फारसा टिकत नाही. नळाच्या तोंडाशी पुरेसे मुक्त क्लोरीन असेल, तर तो तिथे जिवंत सापडू नये. विषाणू मात्र अधिक चिवट असतात. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेतले मैलापाणी वझिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आले. पाण्यात क्लोरीन होते, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही. पण काविळीची आली आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे तो आजार हेपटायटिस ई असल्याचे स्पष्ट झाले. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी गाळणीतून निसटला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. या परजीवीच्या कवचावर पाणीपुरवठ्यातल्या क्लोरीनचा जवळजवळ परिणाम होत नाही, त्याला गाळणीच अडवते. केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा त्या दिवसांत वाढला होता. क्लोरीनशिवाय गाळणी अपुरी आणि गाळणीशिवाय क्लोरीन अपुरे, हे दोन्ही अनुभव आपल्यासमोर आहेत.

केंद्रातून चांगले निघालेले पाणी घरापर्यंत तसेच पोहोचते असेही नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येते. उरलेल्या वेळी जलवाहिनीत दाब नसतो. जोडाजवळ फट असेल आणि शेजारून गळकी मैलावाहिनी किंवा उघडे गटार जात असेल, तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत ते घरात येते. अशा घुसखोरीशी झुंजायला पाण्यात थोडे क्लोरीन शिल्लक राहावे लागते. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावे असे म्हटले आहे. टाकीजवळ ते मिळणे सोपे असते. परीक्षा असते ती वाहिनीच्या टोकाच्या घरात.

ही परीक्षा घेण्याचे साधन गावोगावी आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो ती ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग पाहणे. ती स्वस्त आहे आणि मिनिटभरात होते. मात्र रंग लगेच पाहिला, तरच मुक्त क्लोरीनचा अंदाज येतो. पाच-दहा मिनिटांनी पाहिला, तर दुबळी संयुगेही रंग देतात आणि कागदावर 'क्लोरीन आहे' अशी नोंद होते. टीसीएल पावडरचेही तसेच. पोते उघडे किंवा दमट जागी राहिले की तिची ताकद घटते. वजन तेवढेच टाकले जाते, पण क्लोरीन कमी पडते.

दुसरी चाचणी ई-कोलाय या जिवाणूची. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये. माणसाच्या आणि प्राण्यांच्या आतड्यात तो असतो, म्हणून तो सापडला की पाण्यात विष्ठा मिसळल्याचे कळते. पण अहवाल यायला किमान एक दिवस लागतो आणि तोवर ते पाणी पिऊन झालेले असते. शिवाय ई-कोलाय मेला म्हणजे विषाणूही मेले, असे होत नाही. महिन्यातून एकदा नमुना पाठवून 'पिण्यास योग्य' असा शेरा मिळवणे ही झाली मागच्या महिन्याची बातमी. रोजची सुरक्षितता रोजच्या क्लोरीन चाचणीतून आणि गढूळपणाच्या मोजमापातून कळते.

या साखळीचे दुसरे टोक मैलापाण्यात आहे. ते शुद्ध करण्याचे मुख्य काम जिवाणूच करतात. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिले, की मैलापाण्यात हवा सोडत राहिले आणि खाली बसलेला जिवाणूंचा गाळ पुन्हा वापरला, तर घाण काही तासांत खाल्ली जाते. आजही जगभरातील असंख्य केंद्रे याच पद्धतीवर चालतात. या जिवाणूंना सतत हवा लागते. वीज गेली किंवा वीजबिल वाचवण्यासाठी यंत्रे बंद ठेवली, तर ते गुदमरतात आणि केंद्र नावापुरते उरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. बाकीचे नद्या, नाले आणि तलावांत जाते. खालच्या गावाच्या जॅकवेलमध्ये तेच कच्चे पाणी म्हणून येते. वरच्या गावाने मैला सोडायचा आणि खालच्या गावाने क्लोरीनची मात्रा वाढवायची, हा व्यवहार फार काळ चालणारा नाही.

साथ आली की लोक बाटलीबंद जार आणि खासगी टँकरकडे वळतात. आरओ यंत्रणा जंतू अडवते हे खरे, पण तिच्यातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. अस्वच्छ जार, उघडी टाकी किंवा पाण्यात बुडणारा हात यांपैकी काहीही त्या पाण्यात पुन्हा जंतू सोडू शकते आणि त्यांना रोखणारे पाण्यात काही नसते. घरी खात्रीचा उपाय एकच, पाणी किमान एक मिनिट खळखळून उकळणे आणि झाकून, ओगराळ्याने किंवा नळाच्या भांड्यातून घेणे. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये.

पण दर घराने पाणी उकळत राहावे, हे सार्वजनिक पाणीपुरवठ्याचे उत्तर होऊ शकत नाही. गॅसचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांच्याकडेच पाणी सर्वांत वाईट येते. समाविष्ट गावांतील रहिवाशांनी आपल्या नगरसेवकाला आणि पाणीपुरवठा विभागाला तीन प्रश्न विचारावेत. आमचे पाणी गाळणीतून येते की फक्त क्लोरीन टाकून? आमच्या वाहिनीच्या शेवटच्या घरात आज क्लोरीन किती आहे आणि तो आकडा कुठे लावला आहे? आमच्या भागात या महिन्यात जुलाबाचे किती रुग्ण झाले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दवाखान्यांकडून रोज गोळा होऊ लागले, तर पुढची साथ व्हेंटिलेटरच्या आधी जुलाबाच्या टप्प्यावर ओळखता येईल.