घरातील यंत्रे : दोष गाडीतील ध्वनियंत्रणेचा

जमाखर्चाचा ताळा जुळला नाही म्हणून कोणी व्यापारी वही फेकून नवी आणत नाही. तो रोजकीर्दीच्या पहिल्या नोंदीपासून एकेक रक्कम तपासत जातो आणि चूक सापडेल तेथे थांबतो. ही शिस्त घरच्या गाडीच्या वाट्याला मात्र क्वचितच येते.

चित्र अनेक घरांतील आहे. चिरंजीवांनी हौसेने गाडीच्या डिकीत सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतलेला असतो. चार-सहा महिने सारे सुरळीत चालते. मग आवाज थोडा वाढवला की खर्ज तुटू लागतो, अ‍ॅम्प्लिफायरवरील तांबडा दिवा लागतो आणि यंत्र मुके होते. बसवणारा कारागीर नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्यास सांगतो. नवा येतो आणि पावसाळा संपण्यापूर्वी पुन्हा तोच प्रकार घडतो. दोष यंत्रात नव्हताच, तो यंत्रापर्यंत येणाऱ्या वाटेत होता, हे पैसे गेल्यावर ध्यानात येते.

या वाटेवरून किती वीज जाते, हे आधी पाहावे. मनुष्याचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. त्यांतील सर्वांत खालचे, सुमारे १०० हर्ट्झच्या आतील स्वर काढणे हे सबवूफरचे काम. त्यासाठी पुष्कळ हवा ढकलावी लागते आणि शक्तीही तितकीच लागते. ५०० वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर तो पूर्ण जोरात ६२५ वॉट घेतो. त्याला १३.८ व्होल्टने भागले की सुमारे ४५ अँपिअर येतात. गाडीच्या पुढील ५५ वॉटच्या दोन दिव्यांना मिळून नऊ-दहा अँपिअरच लागतात. एवढ्या मोठ्या प्रवाहाच्या वाटेत ०.०२ ओहमचा क्षुल्लक अडथळा आला, तरी ०.९ व्होल्ट तेथेच गळतात आणि त्या एका जागी सुमारे ४० वॉट उष्णता निर्माण होते. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच तापते.

तपासणीस एक साधा मल्टिमीटर पुरतो. आरंभ बॅटरीपासून करावा. गाडी काही तास बंद असता चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असता बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. येथेच तूट असेल, तर पुढे पाहण्याचे कारण नाही. त्यानंतर बॅटरीजवळचा फ्यूज पाहावा. मग डिकीतील अ‍ॅम्प्लिफायरकडे यावे. त्याला विजेच्या तीन जोडण्या असतात : बॅटरीची, अर्थची आणि रिमोटची. पहिल्या दोहोंमध्ये बॅटरीइतकेच व्होल्ट मिळाले पाहिजेत. रिमोटच्या बारीक वायरीवर म्युझिक सिस्टीम चालू केल्यावरच बारा व्होल्टच्या आसपास दाब येतो. तो न आल्यास अ‍ॅम्प्लिफायर जागाच होत नाही आणि त्याचा कोणताही दिवा लागत नाही.

सर्वाधिक लक्ष द्यावे ते अर्थकडे. गाडीचा पत्रा हाच विजेचा परतीचा मार्ग असतो. घाईत बसवलेली वायर पुष्कळदा रंगावरच बोल्टने आवळलेली असते, किंवा तिच्याखाली पावसाळ्यात गंज धरलेला असतो. इंजिन चालू ठेवून, गाणे मध्यम आवाजात लावून, अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ जोडणी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधील व्होल्ट मोजावेत. एक-दोन दशांश व्होल्ट चालतात. अर्धा व्होल्ट किंवा अधिक आल्यास दोष सापडला असे समजावे. उपाय स्वस्त आहे. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, अर्थची जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करावा, थिंबल घट्ट आवळावी आणि वरून गंजरोधक लेप द्यावा. ही वायर आखूड आणि बॅटरीच्या वायरीइतकीच जाड असावी. सीटबेल्टच्या बोल्टला ती कधीही जोडू नये. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू येत असेल, तर तिचेही मूळ बहुधा येथेच असते; किंवा ध्वनीची केबल बॅटरीच्या वायरीला लागून गेलेली असते. दोन्ही गाडीच्या दोन बाजूंनी न्याव्यात.

अर्थ निर्दोष असून तांबडा दिवा लागत असेल, तर यंत्रणा बंद करून सबवूफरकडे जाणाऱ्या वायरी सोडाव्यात आणि पुन्हा चालू करावी. दिवा लागला नाही, तर दोष सबवूफरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. चार ओहमची कॉइल मल्टिमीटरवर चाराहून थोडे कमी दाखवते. शून्य दाखवल्यास शॉर्ट, आणि काटा किंवा आकडा हललाच नाही तर कॉइल तुटलेली. चार ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले, तर भार दोन ओहमचा होतो. चार ओहमसाठी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर तो पेलत नाही आणि आवाज वाढताच थांबतो. सर्व वायरी सोडल्यावरही दिवा लागत असेल, तरच अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला न्यावा.

वायर घेताना व्यापाऱ्याने आपली पारख वापरावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या नावाने खपते. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे साठ टक्केच असते. एक तार चाकूने खरवडावी. आतून पांढरी निघाली, तर ती तांब्याची नव्हे.

शेवटची गोष्ट पैशांची नाही, जिवाची आहे. बॅटरीपासून डिकीपर्यंतची वायर चार-पाच मीटर लांब असते. ती इंजिनामागील पत्र्याच्या छिद्रातून आत येते आणि गालिच्याखालून, माणसे बसतात त्या आसनांच्या जवळून जाते. छिद्रात रबरी वेटाळे नसेल, तर गाडीच्या थरथरीने तिचे आवरण झिजते. एके दिवशी तार पत्र्याला टेकते आणि बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते. तेव्हा आग रोखणारा एकच पहारेकरी असतो : फ्यूज. तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. त्याचा आकडा वायरीच्या क्षमतेपेक्षा मोठा नसावा. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी मोठा फ्यूज, तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद लावणे म्हणजे दुकानाच्या पहारेकऱ्याला घरी पाठवून कुलूप उघडे ठेवणे होय. फ्यूज गेला, तर त्याचे कारण शोधावे.

बाहेरून बसवलेल्या अशा उपकरणांची किंमत वाहनविमा घेताना स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. जोडणीचे पक्के बिल जपून ठेवावे आणि पुढील विमा भरण्यापूर्वी ही नोंद झाली आहे का, ते पॉलिसीत पाहावे. बॉनेट उघडून बॅटरीशेजारी फ्यूज आहे का, हे पाहण्यास मात्र तेवढीही वाट पाहू नये. ते काम आज सायंकाळी दुकान वाढवल्यावर पाच मिनिटांत होते.