अडखळत बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि सर्व संलग्न महाविद्यालयांचे मा. प्राचार्य

महोदय,

प्रौढांमध्ये साधारण शंभरात एक जण अडखळत बोलतो. म्हणजे प्रत्येक मोठ्या महाविद्यालयात आमच्यासारखे विद्यार्थी आहेतच. ते नजरेत भरत नाहीत, कारण त्यातले बरेच जण बोलायचेच टाळतात. त्यांच्या वतीने आमची संघटना पुढील मागण्या करीत आहे.

पहिली मागणी हजेरीची. नंबर पुकारला जातो, ‘येस सर’मधला ‘ये’ घशातच अडकतो, ओठ हलतात पण आवाज फुटत नाही, आणि तेवढ्यात पुढचा नंबर पुकारलेला असतो. तास संपल्यावर ‘मी वर्गात होतो’ हे सांगायचे, तर तेही बोलूनच. शेवटी ७५ टक्क्यांच्या अटीमुळे रोज वर्गात बसणाऱ्याचे नाव डिफॉल्टर यादीत लागते. हजेरी हात वर करून किंवा सहीने घ्यावी.

दुसरी मागणी तोंडी परीक्षेची, आणि तीच सर्वांत कळीची. प्रयोग पूर्ण झालेला असतो, रीडिंग बरोबर असते, जर्नलवर सही असते. व्हायवात मात्र उत्तर येत असूनही पहिल्या अक्षरावर गाडी अडते. परीक्षक ‘अभ्यास दिसत नाही’ म्हणून पुढे सरकतात. घाई केली की अडखळणे वाढते, हे कोणताही वाचा-उपचारतज्ज्ञ सांगेल. एरवी अडलेला शब्द टाळून आम्ही दुसरा वापरतो आणि वेळ निभावून नेतो. पण ‘टायट्रेशन’ला दुसरा शब्द नाही, स्वतःच्या नावालाही नाही. म्हणून व्हायवाला जादा वेळ, हवे तेव्हा उत्तर लिहून देण्याची मुभा आणि सेमिनार मोजक्या श्रोत्यांसमोर करण्याचा पर्याय मिळावा. निवड विद्यार्थ्याची असावी. आमच्यातल्या अनेकांना सर्वांसमोर उभे राहून, अडखळत का होईना, बोलायचे आहे. त्यांना परस्पर वगळू नये. गुण आशयाला द्यावेत, बोलण्याच्या ओघाला नव्हे.

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘प्रमाणपत्र आणा.’ २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत अडखळण्याचा नावाने उल्लेख नाही. शिवाय हा त्रास रोज सारखा नसतो. मित्रांत मोकळेपणी बोलणारा मुलगा कार्यालयाच्या खिडकीपाशी गप्प होतो. हे सोंग नाही, या दोषाचे स्वरूपच तसे आहे. त्यामुळे ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला मिळणे कठीण. मात्र विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले, की लेखनिकाच्या सोयीसाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. तो उमेदवार लिहिताना हात आखडण्याच्या विकाराने त्रस्त होता. जो न्याय हाताला, तोच वाचेला लावावा आणि वाचा-उपचारतज्ज्ञाचे पत्र पुरेसे मानावे, ही तिसरी मागणी.

नक्कल करणे, ‘त-त-प-प’ म्हणून हाका मारणे ही गंमत समजली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांत चिडवणेही येते. अशा तक्रारी त्याच नियमांखाली, आणि लेखी स्वरूपात, घ्याव्यात.

या सत्राच्या अंतर्गत परीक्षांपूर्वी तसे परिपत्रक काढावे, ही विनंती. चर्चेसाठी आमच्या प्रतिनिधींना बोलवाल, तेव्हा त्यांचे बोलणे पूर्ण होईल इतका वेळ राखून ठेवावा.