दिसत नाही, तरी डोळ्यांची उघडझाप करा? वेबसाइट्स आणि ॲप्स अंध व्यक्तींना का वापरता येत नाहीत

बँकेत खातं उघडायचं असो की सिम कार्ड घ्यायचं, केवायसी आता मोबाइलवर होतं. चेहरा चौकटीत आणा, डोळ्यांची उघडझाप करा, असं ॲप सांगतं. पण ज्याला ती चौकटच दिसत नाही, त्याने काय करायचं?

हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक पूर्ण अंध व्यक्ती यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला. डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं आणि २० निर्देश दिले.

स्क्रीन रीडर कसा चालतो?

स्क्रीन रीडर स्क्रीनवरचा मजकूर आवाजात वाचून दाखवतो. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर असतो. विंडोजसाठी एनव्हीडीए मोफत मिळतो. पण त्याला दिसतं ते चित्र नव्हे, तर पानामागचा कोड. कोडमध्ये नाव नसेल, तर तो नुसतं 'बटन' म्हणतो. ते 'पैसे भरा' आहे की 'रद्द करा', हे कळत नाही.

अडतं कुठे?

- फोटोला वर्णन नसतं.
- कॅप्चा फक्त चित्रात असतो, आवाजाचा पर्याय नसतो.
- फॉर्मच्या रकान्यांना कोडमध्ये नावं नसतात.
- स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो असतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो, त्यामुळे कानावर काहीतरी निरर्थक पडतं.

मग कायदा नाही का?

आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम २०१७ मध्ये आले आणि सेवा देणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत होती. म्हणजे ती २०१९ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गोम दाखवली: कायदा सक्ती करतो, पण नियमांची भाषा शिफारशीची आहे. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा, असं कोर्टाने केंद्राला सांगितलं.

२०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. त्यांच्यापैकी अनेकांना साध्या कामासाठी दुसऱ्याच्या हातात फोन द्यावा लागतो. सोबत ओटीपी आणि पासवर्डही जातो. म्हणजे हा सोयीसोबत सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

तुम्ही काय करू शकता?

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर फोटो टाकताना 'ऑल्ट टेक्स्ट' लिहिता येतो. सूचना किंवा कार्यक्रमपत्रिका इमेजमध्ये असेल, तर तोच मजकूर खाली टाइप करा. मिनिटभराचं काम आहे, पण त्याशिवाय तुमची पोस्ट काही जणांसाठी फक्त 'इमेज' एवढीच उरते.