धरण टळले, काठाचे काय?

ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या फ्रँकलिन-गॉर्डन राष्ट्रीय उद्यानात अनेक पर्यटक स्ट्राहन बंदरातून बोटीने येतात. येथील नद्या आणि वर्षावने बुडवू पाहणारे धरण १९८३ मध्ये टळले. धरणबंदीचा केंद्रीय कायदा सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने वैध ठरवला होता. मात्र, पुढे वेगवान पर्यटक बोटींच्या लाटांनीच गॉर्डन नदीचे मऊ काठ ढासळू लागले. अखेर बोटींचा वेग आणि पल्ला यांवर मर्यादा आल्या. या काठांवरील ह्युऑन पाइन वृक्ष हजारो वर्षे जगतो, पण त्याची जाडी वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते. तो कोसळल्यास तिकिटांच्या उत्पन्नातून भरपाई अशक्य आहे. धरण एका निकालाने रोखता आले. पर्यटनाला आवर मात्र रोजच घालावा लागेल.